मेडिकल बोर्डाने काय लिहिले नाही, ते आधी वाचा

निवृत्तीच्या उंबरठ्यावर रिलीज मेडिकल बोर्ड होतो. रक्तदाब, मधुमेह, मणक्याचे दुखणे, कमी झालेली श्रवणशक्ती यांपैकी काही ना काही कागदावर येते, टक्केवारी ठरते आणि काही महिन्यांनी नकाराचे पत्र हाती पडते. आजार लष्करी सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही, सबब डिसॅबिलिटी पेन्शन देय नाही, एवढाच त्याचा मजकूर असतो. या दुहेरी नकाराला फौजेत ‘एनएएनए’ म्हणतात. पत्र वाचून बरेच जण गप्प बसतात. उरलेले आपण सीमेवर काय काय सोसले याचे लांबलचक निवेदन लिहून पाठवतात आणि तेही फेटाळले गेले की खचतात. दोघांचेही नुकसान एकाच गैरसमजातून होते. अपिलात मोजले जाते ते तुमचे दुखणे किती मोठे आहे हे नव्हे. मेडिकल बोर्डाने नकार देताना कारण दिले आहे का, आणि दिले असेल तर ते तुमच्या सेवेच्या नोंदींसमोर टिकते का, यावर निकाल फिरतो. हे एकदा ध्यानात आले की अपील कसे लिहायचे, कोणते कागद जमवायचे आणि कुठे थांबायचे, हे सगळे आपोआप स्पष्ट होत जाते.

हा लेख चेन्नईच्या अड्यारमध्ये किंवा त्याला लागून असलेल्या बेझंट नगर, तिरुवान्मियूर भागात मुलांकडे राहायला आलेल्या मराठी माजी सैनिकांसाठी मुद्दाम लिहितो आहे, कारण घर बदलले की दाद मागण्याचे ठिकाणही बदलते आणि हे अनेकांना ठाऊक नसते. सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या नियमांनुसार सेवेतून बाहेर पडलेली व्यक्ती अर्ज करतेवेळी जिथे नेहमी राहते, त्या भागाच्या खंडपीठाकडे अर्ज करू शकते. म्हणजे तुमचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला असो, खडकीला असो की नाशिक रोडला, मूळ गाव साताऱ्यात असो की सिंधुदुर्गात, तुम्ही आता अड्यारला राहत असाल तर चेन्नईच्या खंडपीठाकडे जाता येते. मुंबईच्या खंडपीठासाठी वारंवार प्रवास करण्याची गरज नाही. मात्र इथल्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आधार कार्डावर अजून गावचाच पत्ता असेल तर तो आधी बदलून घ्यावा, आणि स्पर्श या पेन्शन प्रणालीतल्या तुमच्या नोंदीतही नवा पत्ता घालावा.

आता कागद पाहू. रिलीज किंवा इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्डाची कार्यवाही एएफएमएसएफ-१६ या नमुन्यावर लिहिली जाते. त्यात आजाराचे नाव, तो पहिल्यांदा कधी आणि कुठे आढळला याची नोंद आणि अपंगत्वाची टक्केवारी असते. शेवटच्या भागात कळीचे प्रश्न येतात. हा आजार सेवेत येण्यापूर्वी होता का? सेवेमुळे झाला का? सेवेमुळे बळावला का? प्रत्येक उत्तरासोबत कारण लिहायचे असते, आणि गोम तिथेच आहे. असंख्य कार्यवाह्यांमध्ये त्या जागी एकच साचेबद्ध ओळ आढळते, की सुरुवात शांतता क्षेत्रात झाली, सेवेतील ताणतणावाशी निकटचा कालसंबंध नाही. कधी नुसतेच लिहितात की आजार शरीरप्रकृतीजन्य आहे. पहिले वाक्य जागेचे वर्णन करते, दुसरे आजाराला नाव देते. हा आजार याच माणसाला का झाला आणि वीस-बावीस वर्षांच्या नोकरीचा त्यात वाटा का नाही, याचे उत्तर दोन्हींत नाही. अपील उभे राहते ते याच रिकाम्या जागेवर. म्हणून पहिले काम म्हणजे या कार्यवाहीची संपूर्ण प्रत मिळवणे. ती हाती नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकाराखाली अर्ज करा. ती तुमचीच वैद्यकीय माहिती आहे, आणि कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

ही रिकामी जागा इतकी निर्णायक का ठरते, याचे मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ सालच्या धरमवीर सिंग निकालात आहे. सिग्नल्समध्ये १९८५ साली भरती झालेल्या या जवानाला १९९४ मध्ये फिट येण्याच्या आजारामुळे घरी पाठवले गेले, २० टक्के अपंगत्व धरले गेले आणि आजार प्रकृतीजन्य म्हणून पेन्शन नाकारली गेली. न्यायालयाने १९८२ चे हक्कनियम उलगडून पाहिले. भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी अवस्थेत सेवेत आला असे धरायचे. नंतर प्रकृती बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असे मानायचे. हा आजार भरतीवेळच्या तपासणीत सापडणे शक्य नव्हते असे बोर्डाला म्हणायचे असेल तर त्याने कारणे लिहायची. वाजवी शंकेचा फायदा सैनिकाला मिळतो आणि सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो. यातली एकही गोष्ट न्यायालयाने नव्याने घडवलेली नाही, नियमांत ती आधीपासून होती. त्याच्याच जोडीला सशस्त्र दलांच्या वैद्यकीय सेवांच्या १९८३ च्या विनियमांतील ४२३ वा विनियम ठेवा. अपंगत्वाचे कारण रणक्षेत्रात घडले की शांततेच्या परिस्थितीत, याने फरक पडत नाही असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे ‘शांतता क्षेत्रात सुरुवात’ हे नकाराचे कारण खुद्द खात्याच्याच पुस्तकाला धरून नाही. आपल्या अपिलात हा विनियम क्रमांकासह उद्धृत करा.

यावर पहिला आक्षेप असा येतो की न्यायाधीश हे डॉक्टर नव्हेत, तज्ज्ञ मंडळाच्या मतावर त्यांनी कुरघोडी का करावी? आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. २००५ च्या बालचंद्रन नायर आणि २००९ च्या दामोदरन या निकालांत सर्वोच्च न्यायालयानेच बोर्डाच्या मताला मोठे वजन दिले होते. २०१९ च्या नरसिंग यादव निकालात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाचे अपील फेटाळताना न्यायालय म्हणाले की काही मानसिक आजार भरतीच्या वेळी ओळखता येत नाहीत, त्यामुळे नोंद नसणे एवढ्यावर हक्क सिद्ध होत नाही. पण हे निकाल नीट वाचले तर दिसते की मान दिला जातो तो कारणांसह मांडलेल्या मताला. बोर्डाने रुग्णाचा इतिहास तपासून, आजाराची कारणमीमांसा करून नकार दिला असेल तर न्यायाधिकरण सहसा हात घालत नाही, आणि तसे होणे योग्यही आहे. कारणच नसेल तर मान द्यायला तिथे मतच उरत नाही. मे २०२५ मध्ये राजुमोन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्किझोफ्रेनियाच्याच बाबतीत कारणे न देणारा बोर्डाचा निष्कर्ष नाकारला. आजार तोच, निकाल वेगळा. म्हणून अपील लिहिताना डॉक्टरांशी वैद्यकशास्त्राचा वाद घालू नका. तुमच्या बाजूच्या खाजगी डॉक्टरांची चार प्रमाणपत्रे बोर्डाच्या मताला खोडून काढतीलच असे नाही. बोर्डाने कोणता प्रश्न अनुत्तरित ठेवला ते दाखवा.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. मधुमेह आणि रक्तदाब आज घराघरात आहेत, मग त्याचे ओझे लष्करी सेवेच्या माथी का मारायचे? महालेखापरीक्षकांनीही २०२३ मध्ये संसदेपुढे आलेल्या अहवालात जीवनशैलीशी निगडित आजारांपोटी, विशेषतः अधिकाऱ्यांना, मिळणाऱ्या डिसॅबिलिटी पेन्शनचे प्रमाण पाहून त्याची कारणे शोधायला सांगितले. गैरफायदा घेणारे नसतीलच असे कोणी म्हणू नये, आणि खऱ्या हक्कदारांचे सर्वांत मोठे नुकसान तेच करतात. पण संशयावर उपाय म्हणून सरसकट नकार देणे हा अन्याय आहे. या मुद्द्याचा सर्वांत स्वच्छ निवाडा एका मराठी आडनावाच्या माजी सुभेदाराच्या प्रकरणात झाला. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्र सरकारची याचिका फेटाळली, ते हे गवस प्रकरण. आजार मधुमेह, बोर्डाचा शेरा नेहमीचा शांतता क्षेत्राचा. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे की मधुमेह जीवनशैलीमुळे होऊ शकतो हे खरे, पण दीर्घ सेवेनंतर तो जडला असेल तर सेवेखेरीज दुसरे कोणते कारण या विशिष्ट व्यक्तीला लागू पडते हे बोर्डाने दाखवले पाहिजे. खाण्यापिण्याच्या सवयी असतील, घराण्यात चालत आलेला आजार असेल, वाढलेले वजन असेल, तर तसे लिहावे. सरकारला जिंकायचे असेल तर तो रस्ता खुला आहे. फक्त ते काम बोर्डाच्या टेबलावर, रुग्ण समोर असताना व्हायला हवे. वर्षांनंतर वकिलाच्या तोंडून नवी कारणे आणता येत नाहीत.

तिसरा आक्षेप कायद्याचा आहे आणि तो २००८ नंतर निवृत्त झालेल्या प्रत्येकाला ऐकवला जातो. धरमवीर सिंग निकाल १९८२ च्या नियमांवर होता, २००८ च्या हक्कनियमांत निरोगी असल्याचे गृहीतक तसे राहिलेले नाही, असे सरकारी वकील म्हणतात. यात तथ्य आहे, नियमांची भाषा बदलली आहे. तरीही १ जुलै २०२५ रोजी कर्नल बलबीर सिंग प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने संरक्षण मंत्रालयाच्या सुमारे ३०० याचिका एकत्र फेटाळल्या, तेव्हा हेच सांगितले की २००८ च्या नियमांखालीसुद्धा बोर्डाला सकारण मत द्यावे लागते आणि दावेदारावर सर्वसाधारणपणे पुराव्याचा भार टाकता येत नाही. २००८ च्या नियमांनी एक अपवाद मात्र ठेवला आहे. निवृत्तीनंतर १५ वर्षे उलटून दावा केला आणि तोवर सेवेची कागदपत्रे मुदतीनुसार नष्ट झाली असतील, तर सिद्ध करण्याचा भार तुमच्याकडे येतो. २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना नवे हक्कनियम लागू आहेत आणि ते आणखी काटेकोर आहेत. त्यामुळे आपला प्रश्न कोणत्या नियमांखाली येतो हे निवृत्तीच्या तारखेवरून आधी ठरवा. दुसऱ्याच्या निकालाची प्रत जशीच्या तशी जोडणारे इथेच फसतात.

अपघात आणि जखमांची बाब निराळी आहे, तिथे इंज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीची कागदपत्रे बोलतात. रजेवर घरी जाताना रेल्वेतून पडून हात गमावलेल्या जवानाला १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हक्क दिला. पण २०१९ मध्ये रजेच्या काळातल्या रस्ता अपघाताबद्दल न्यायालयाने सांगितले की माणूस सेवेत होता एवढे पुरेसे नाही, जखमेचा सेवेशी कारणसंबंध हवा. तो नसेल तर वर्षानुवर्षे खटला ओढण्यात अर्थ नाही, हे सल्लागारांनी सैनिकाला स्पष्ट सांगायला हवे.

आता पायऱ्यांकडे वळू. नकाराच्या पत्रानंतर सहा महिन्यांच्या आत पहिले अपील पहिल्या अपील समितीकडे जाते. तिथे नकार आला तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरे अपील पेन्शनविषयक दुसऱ्या अपील समितीकडे. दोन्ही रेकॉर्ड ऑफिसमार्फत पाठवायची असतात. अनेक माजी सैनिक विचारतात की या समित्या बहुधा जुनाच निर्णय कायम ठेवतात, मग हा फेरा का घालायचा? कारण २००७ च्या सशस्त्र दल न्यायाधिकरण कायद्याच्या कलम २१ नुसार उपलब्ध मार्ग वापरून झाल्याशिवाय न्यायाधिकरण सहसा अर्ज ऐकत नाही. अपील करून सहा महिने उलटले आणि उत्तरच आले नाही, तर मात्र तो मार्ग संपला असे धरले जाते. कलम २२ ची मुदत पुढे सुरू होते, अंतिम आदेशापासून सहा महिने, किंवा उत्तर न आल्यास ते सहा महिने संपल्यापासून आणखी सहा. योग्य कारण दाखवल्यास उशीर माफ होऊ शकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पहिल्या अपिलाच्या नकारपत्रात समिती कधी कधी बोर्डापेक्षा जास्त लिहून जाते आणि त्यातच विसंगती सापडते. म्हणून पहिले अपील दोन-तीन पानांचेच करा. आजार पहिल्यांदा आढळला तेव्हाची नेमणूक, त्याआधीच्या सर्व नेमणुकांची तारीखवार यादी, उंचावरच्या आणि फिल्डमधल्या पोस्टिंग, भरतीवेळची निरोगी असल्याची नोंद आणि बोर्डाने न दिलेले कारण, एवढे त्यात पुरे. हृदयविकार असेल तर झटक्याआधीच्या १४ दिवसांत तुम्ही कोणती ड्युटी करत होता हे जरूर घाला. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शिकेतच ते तपासायला सांगितले आहे आणि बोर्डाने ते तपासले नसेल तर तो स्वतंत्र मुद्दा होतो.

न्यायाधिकरणात एक न्यायिक आणि एक प्रशासकीय सदस्य बसतात. प्रशासकीय सदस्य हा मेजर जनरल किंवा त्याहून वरच्या दर्जाचा निवृत्त अधिकारी असतो, त्यामुळे फिल्ड पोस्टिंग म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावे लागत नाही. अड्यारच्या वाचकाला भाषेची धास्ती वाटण्याचे कारण नाही, कामकाज इंग्रजीत चालते. कागदपत्रे मात्र क्रमाने लावलेली असावीत. चेन्नईत लष्करी सेवेची प्रकरणे हाताळणारे वकील आहेत, पण त्यांना पहिल्या भेटीत एएफएमएसएफ-१६ ची प्रत द्या. ती न पाहताच यशाची हमी देणाऱ्याकडे जाऊ नका.

पैशांचा हिशेब समजून घ्या, कारण अनेक जण अर्ध्यावर समाधान मानतात. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के इतका डिसॅबिलिटी एलिमेंट मिळतो. वेतन ४० हजार आणि अपंगत्व ३० टक्के असेल तर तो महिना ३,६०० रुपये होतो. पण सरकारने २००१ मध्ये आणलेल्या राउंडिंग ऑफच्या पद्धतीने ५० च्या आतली टक्केवारी ५० धरतात, आणि रक्कम ६,००० होते. ही सवलत फक्त मध्येच घरी पाठवलेल्यांना आहे असा सरकारचा आग्रह होता. डिसेंबर २०१४ मधल्या राम अवतार निकालाने तो मोडला आणि मुदत संपवून निवृत्त झालेल्यांनाही ती मिळू लागली. म्हणून अर्जात राउंडिंग ऑफची मागणी स्वतंत्रपणे लिहा. निवृत्तीच्या वेळी अपंगत्व २० टक्क्यांहून कमी असेल तर दावा उभा राहत नाही. पण आजारामुळे मुदतीपूर्वीच घरी पाठवले असेल तर अपंगत्व २० टक्क्यांहून जास्त धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाचा सुखविंदर सिंग निकाल सांगतो. वीसच्या आतला आकडा पाहून मागे फिरण्याआधी आपण निवृत्त झालो की बोर्डआउट, हे डिस्चार्ज बुकात तपासा.

उशिराबद्दल एक खुलासा. पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्याने डावलला जातो, म्हणून दहा वर्षांनी जाग आली तरी दरवाजा बंद होत नाही. पण २००८ च्या तरसेम सिंग निकालानुसार थकबाकी सर्वसाधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. २०१२ ला निवृत्त झालेल्याने २०२५ मध्ये अर्ज केला तर २०२२ पूर्वीची दहा वर्षे गेली. जो आज हा लेख वाचून आणखी वर्षभर विचार करेल, त्याचे ते वर्षही जाईल.

निकाल बाजूने लागला तरी सरकार पुढे जाते. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये त्यांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने सैनिकांच्या डिसॅबिलिटी पेन्शनविरुद्धची अपिले मागे घ्यावीत असे सुचवले होते. दहा वर्षांनी दिल्लीत ३०० याचिका एकदम फेटाळाव्या लागल्या, यावरून ती शिफारस किती मुरली हे कळते, आणि सैनिकावर हा जो दुसरा खटला लादला जातो त्याचा मनापासून संताप येतो. सर्वोच्च न्यायालयात जायला सार्वजनिक महत्त्वाचा कायदेशीर प्रश्न लागतो. पण २०२३ च्या परशोतम दास निकालानंतर उच्च न्यायालयाचा दरवाजा दोन्ही बाजूंना खुला आहे. तुमचा अर्ज न्यायाधिकरणाने फेटाळला तर अड्यारहून मद्रास उच्च न्यायालयात रिट याचिका करता येईल, दिल्ली गाठावी लागणार नाही.

जाता जाता, अड्यारच्या शेजारीच परंगीमलैला ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी आहे. तिथे किंवा खडकवासल्याला प्रशिक्षणात जायबंदी होऊन बाहेर पडलेल्या कॅडेटांना माजी सैनिकाचा दर्जाच मिळत नाही, त्यामुळे वरचे बरेचसे नियम त्यांना लागू होत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःहून हा प्रश्न हाती घेतला आणि त्याच महिन्यात सरकारने त्यांना ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची वैद्यकीय सुविधा दिली. अशा कॅडेटाच्या पालकांनी पेन्शनच्या अपिलांमागे लागण्याऐवजी त्या खटल्यातल्या आदेशांवर लक्ष ठेवावे.

आदेश मिळाल्यावर काम संपत नाही. न्यायाधिकरण बहुधा काही महिन्यांची मुदत देते आणि ती उलटली तर अंमलबजावणीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. सुधारित पेन्शन आदेश (पीपीओ) स्पर्शवर आला की तीन गोष्टी आदेशाशी ताडून पाहा. डिसॅबिलिटी एलिमेंट कोणत्या तारखेपासून धरला आहे, टक्केवारी ५० किंवा ७५ लावली आहे की मूळचीच ठेवली आहे, आणि तो हयातभरासाठी आहे की ठरावीक मुदतीचा. चूक आढळली तर रेकॉर्ड ऑफिसला आदेशाची प्रत जोडून लगेच लिहा आणि पोच जपून ठेवा. खटला चालू असताना सैनिकाचे निधन झाले तर पत्नीला वारस म्हणून तो पुढे चालवता येतो, त्यामुळे ही फाइल घरात कुठे ठेवली आहे हे तिला आजच दाखवून ठेवा.